नवापूरच्या कोंबड्या आणि ओसाड लंडन

'ट्वेंटी एट डेज लेटर' हा 2002 सालचा ब्रिटिश सिनेमा मी किती वेळा पाहिलाय, हे आता घरचेही विचारत नाहीत. एरवी रक्त दिसलं की मान फिरवणारी मी! पण त्याची सुरुवात काही सुटत नाही. किलियन मर्फी हॉस्पिटलात शुद्धीवर येतो, बाहेर पडतो, तर वेस्टमिन्स्टर पुलावर चिटपाखरू नाही. रस्त्यावर नोटा पडल्यात, त्या तो गोळा करतो. (मीही केल्या असत्या.) दिग्दर्शक डॅनी बॉयलने हे डिजिटल कॅमेऱ्यावर, पहाटे थोडा वेळ वाहतूक थांबवून टिपलं. म्हणूनच ते टीव्हीवरच्या बातम्यांसारखं दिसतं. तशा बातम्या ब्रिटनने नुकत्याच पाहिल्याही होत्या. 2001मध्ये तिथे लाळ्या-खुरकूत पसरला आणि 60 लाखांवर जनावरं मारावी लागली.

आपल्याकडे तशा बातम्या आल्या त्या नंदुरबार जिल्ह्यातून. नवापूर म्हणजे ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत, ते गाव. 18 फेब्रुवारी 2006 रोजी तिथल्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं सरकारने जाहीर केलं. भारतातली ही पहिलीच साथ. पांढरे सूट, गॉगल, मास्क घातलेली माणसं शेडमध्ये शिरताना अख्ख्या देशाने पाहिली. दोन लाखांहून जास्त कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. रेल्वेने गाड्यांमधलं चिकन बंद केलं. माणसांचेही नमुने तपासले, पण लागण कुणालाच झालेली निघाली नाही.

मला वाटतं, सिनेमाची खरी गंमत (गंमतच म्हणायची!) त्याच्या नावात आहे. नायक ते 28 दिवस झोपलेला असतो. साथ कशी आली, कोणी काय पुरलं, कोणाचं काय बुडालं, यातलं काहीच त्याला बघावं लागत नाही. आपल्यालाही नाही. थेट मोकळा रस्ता! नवापुरात मात्र ते मधले दिवस लोकांनी जागेपणी काढले. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान निदान आकड्यांत मांडलं गेलं. पण पथकं आजूबाजूच्या पाड्यांवरही गेली. तिथे दारातली चार-पाच गावठी कोंबडी म्हणजे पाहुण्याचं जेवण, नवसाचा मान आणि अडीनडीचे पैसे. ती डोळ्यांदेखत धडधाकट असताना सरकारी माणसाच्या हाती द्यायची, ती शेजारच्या शेडमधल्या रोगापायी. रोग आटोक्यात आणायला दुसरा इलाज नव्हता हेही खरंच. त्या पथकांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.

2021च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तोच रोग आला आणि पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. तोवर कोरोनामुळे पांढऱ्या सूटचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं.

असो. 2025मध्ये बॉयलने 'ट्वेंटी एट इयर्स लेटर' आणला. त्यात जगाने अख्ख्या ब्रिटनलाच वाळीत टाकलंय, आणि बेटावरची माणसं आपली शेती-मासेमारी करत बसलीत. मला त्यातला तोच भाग सगळ्यात आवडला.