अक्रा : साध्या हॉटेलातील मुक्कामाचे नियोजन

आफ्रिकेचा प्रवास म्हटला की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांसमोर केनिया आणि टांझानियातील अभयारण्ये उभी राहतात. त्याच खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील घानाकडे आपल्या सहली सहसा वळत नाहीत. तिथे जाणारा भारतीय बहुधा कामासाठी जातो. औषधांचा किंवा यंत्रसामग्रीचा व्यापार, एखाद्या कारखान्यातील उभारणी, परिषद, नाही तर तिथे नोकरी करणाऱ्या मुलाची भेट. कंपनीने पंचतारांकित हॉटेल दिले तर प्रश्नच मिटला. मात्र खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असेल, तर राजधानी अक्रामध्ये मध्यम दराचे हॉटेल किंवा गेस्ट हाऊस शोधावे लागते. अशा हॉटेलाची परीक्षा खोलीच्या छायाचित्रावरून होत नाही. वीज गेल्यावर, नळ कोरडा पडल्यावर आणि अंधार पडताच डास आल्यावर तिथे काय सोय आहे, यावर मुक्काम कसा जाईल हे ठरते. या गोष्टी निघण्यापूर्वी विचारून घेता येतात.

आधी लस, मग आरक्षण

घानात प्रवेश करताना पीतज्वर अर्थात यलो फीव्हरची लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी हे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. त्यामुळे तिकीट हातात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आपल्याकडे ही लस केवळ केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तेथे दिवस व वेळा ठरलेल्या असतात. पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागे. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी मानली जाते.

परतीच्या वेळी तर या प्रमाणपत्राला अधिकच महत्त्व आहे. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस जातीचा डास मुबलक आहे. त्यामुळे या आजाराच्या देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आपल्या सरकारने केली आहे. या नियमाची अंमलबजावणी भारतीय विमानतळांवर कसोशीने होते. साठी ओलांडलेल्यांनी, तसेच प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना ही बाब अनेकदा उशिरा कळते.

हिवतापाबाबत भारतीय प्रवासी थोडा बेफिकीर असतो, कारण मलेरिया आपल्याला नवा नाही. घानातील हिवताप मात्र प्रामुख्याने फाल्सिपेरम प्रकारचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा आहे, आणि जुने क्लोरोक्विन त्यावर भरवशाचे राहिलेले नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. योगायोग असा, की हिवतापावरील आर २१ लशीला जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती घानाने, एप्रिल २०२३ मध्ये, आणि ही लस तयार होते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ती लहान मुलांसाठी आहे. प्रवाशाला गोळ्या, अंगाला लावायचे मलम आणि मच्छरदाणी यांवरच विसंबावे लागते.

भारतीय पासपोर्टधारकांना घानाचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे व्हिसापूर्वी करायचे आरक्षण रद्द करता येईल असेच असावे. मुंबईहून थेट विमान नाही, सहसा अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जावे लागते.

वस्ती पाहून हॉटेल

अक्राचा विमानतळ शहराच्या आतच आहे. तरीही नकाशावर पाच-सहा किलोमीटर दिसणारे अंतर कापायला सकाळ-संध्याकाळच्या वाहतुकीत तास लागू शकतो. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की गर्दीतून सुटका करणारी लोकल इथे नाही. त्यामुळे हॉटेल स्वस्त आहे का, यापेक्षा ते कामाच्या ठिकाणापासून किती दूर आहे, हा प्रश्न आधी विचारावा. रोजच्या टॅक्सीत खोलीच्या भाड्यातील बचत सहज निघून जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी ओसू ही सोयीची वस्ती. एके काळी डॅनिश व्यापाऱ्यांनी बांधलेला किल्ला इथे समुद्रकाठी उभा आहे. मुख्य रस्त्याला लोक गमतीने ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणतात. दुकाने, पैसे बदलून देणारी कार्यालये, भारतीय उपाहारगृहे असे सारे पायी अंतरावर मिळते. गैरसोय एकच, ती म्हणजे रात्रीचा गोंगाट. रस्त्याकडेची खोली घेऊ नये. त्याहून कमी दराची हॉटेले अडाब्राका, कोकोमलेमले आणि असायलम डाऊन या जुन्या वस्त्यांत आढळतात. असायलम डाऊन हे नाव ऐकून दचकू नये. शेजारच्या मनोरुग्णालयाच्या उतारावरची वस्ती म्हणून ते पडले. कँटोन्मेंट्स, एअरपोर्ट रेसिडेन्शियल हे भाग शांत आणि हिरवे, पण महाग. ईस्ट लेगॉन नवश्रीमंतांचे, विमानतळाच्या उत्तरेकडे. बाजारपेठेत काम असलेल्याला ते आडवळणाचे ठरते.

आपल्याकडचे अभियंते आणि तंत्रज्ञ अनेकदा एक चूक करतात. काम टेमाला असते आणि आरक्षण अक्रात केले जाते. टेमा हे अक्राच्या पूर्वेचे बंदर आणि उद्योगनगर, सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर. कारखाने तिथे आहेत आणि साधी हॉटेलेही तिथे आहेत. रोज ये-जा करण्यापेक्षा टेमातच राहावे. (ग्रीनिचची शून्य रेखावृत्ताची रेषा टेमामधून जाते. घानाचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते, हे लक्षात ठेवायला ही खूण पुरेशी आहे.)

पावसाळ्यात जाणार असाल, तर वस्ती निवडताना उंच-सखलपणाही पाहावा लागतो. अक्रात मुख्य पाऊस एप्रिल ते जुलै आणि त्यातही जूनमध्ये पडतो, नंतर ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा थोडा. वर्षाचा एकूण पाऊस सुमारे आठशे मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण ओडॉ नदीचे पात्र कचऱ्याने तुंबलेले असल्याने मोठ्या सरीत सखल भागात पाणी भरते. ३ जून २०१५ च्या रात्री क्वामे एन्क्रुमा सर्कलजवळ पुराचे पाणी चढत असताना लोक पावसापासून आडोसा म्हणून एका पेट्रोलपंपावर थांबले होते. पाण्यावर पसरलेल्या इंधनाने पेट घेतला. पूर आणि आग मिळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. सर्कल हा शहरातील वाहतुकीचा मोठा नाका असल्याने स्वस्त हॉटेले त्याच्या आजूबाजूला बरीच आहेत. जून महिन्यात तिथे राहायचे असेल, तर रस्त्यावर पाणी भरते का आणि हॉटेलाचा तळमजला कोरडा राहतो का, हे स्पष्ट विचारावे.

पत्ता विचारताना ‘घानापोस्ट जीपीएस’चा डिजिटल क्रमांक मागून घ्यावा. २०१७ पर्यंत शहरात घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव सांगून कुठे पोहोचणे कठीणच होते. अमुक चर्चच्या पुढे, तमुक पेट्रोलपंपाच्या मागे, असेच पत्ते असत. त्या वर्षी देशभर अक्षर-अंकांचे पत्ते देण्यात आले. तरीही टॅक्सीचालकाला जवळची ठळक खूण सांगितली तर काम लवकर होते.

‘डुमसॉर’ आणि पॉलिटँक

घानाच्या विजेची कहाणी व्होल्टा नदीवरील अकोसोंबो धरणापासून सुरू होते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने देशाला दीर्घकाळ प्रकाश दिला. पुढे मागणी वाढली, पाऊस लहरी झाला, औष्णिक केंद्रांना इंधन व पैसा अपुरा पडू लागला, आणि भारनियमन आले. ट्वी भाषेत त्याला नाव मिळाले ‘डुमसॉर’, म्हणजे बंद-चालू. २०१२ ते २०१६ हा त्याचा सर्वांत वाईट काळ. त्यानंतर परिस्थिती सुधारली, तरी २०२४ मध्ये हा शब्द पुन्हा लोकांच्या तोंडी आला. २००५ नंतरचे महाराष्ट्रातील भारनियमन आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

हॉटेलवाल्याला ‘जनरेटर आहे का’ एवढेच विचारले तर उत्तर ‘आहे’ असेच येते. खरे प्रश्न पुढचे आहेत. वीज गेल्यावर तो आपोआप सुरू होतो की कुणाला उठवावे लागते? रात्रभर चालतो की दहा वाजता बंद होतो? त्यावर वातानुकूलन यंत्र चालते की फक्त दिवे आणि पंखा? डिझेलचा खर्च मोठा असल्याने लहान हॉटेले या बाबतीत हात आखडता घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. छताला पंखा असलेली, दोन बाजूंनी वारा येणारी खोली बंद काचांच्या खोलीपेक्षा बरी. खिडकीला डासांची जाळी शाबूत आहे का, पलंगावर मच्छरदाणी टांगण्याची सोय आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. हिवतापाचा डास रात्री चावतो. रात्री वीज जाते, पंखा थांबतो, माणूस खिडकी उघडतो. जाळी नसेल तर पुढचे सांगायला नको. एक मच्छरदाणी घरूनच नेलेली उत्तम.

वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे. चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट सर्वत्र असल्याने अॅडॉप्टर मात्र न्यावा लागतो.

पाण्याचे गणितही मराठी माणसाला ओळखीचे आहे. नळाला पाणी रोज येईलच असे नाही, म्हणून आवारात मोठी प्लास्टिकची टाकी असते. तिला सारे ‘पॉलिटँक’ म्हणतात. नाव एका कंपनीचे, पण आपल्याकडे कुठल्याही काळ्या टाकीला सिंटेक्स म्हणतात तसे ते रूढ झाले. टाकी किती मोठी आहे, हे विचारायला लाजू नये. पिण्यासाठी शहरभर अर्ध्या लिटरच्या सीलबंद पिशव्या विकल्या जातात, त्यांना ‘प्युअर वॉटर’ म्हणतात. नवख्याने सुरुवातीचे दिवस तरी नामांकित बाटलीबंद पाण्यावरच काढावेत.

दर, कर आणि रोकड

घाना टुरिझम अथॉरिटी हॉटेलांना परवाना देते आणि त्यांची वर्गवारी करते. एक ते पाच तारे, त्याखाली बजेट हॉटेल आणि गेस्ट हाऊस. परवान्याचा कागद स्वागतकक्षात लावलेला असेल तर निदान तक्रार करायला जागा आहे असे समजावे. दर सांगताना मूल्यवर्धित कर, अन्य अधिभार आणि एक टक्का पर्यटन अधिभार धरलेला आहे का, हे विचारून घ्यावे. हा खुलासा लेखी, ई-मेलवर मिळालेला बरा.

दुसरा मुद्दा चलनाचा. घानाचे चलन सेडी. २००७ मध्ये त्यावरील चार शून्ये काढून टाकण्यात आली. २०२२ च्या अखेरीस देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली, महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला आणि सेडी कोसळला. २०२५ मध्ये तो चांगलाच सावरला. या हेलकाव्यांमुळे अनेक हॉटेले दर डॉलरमध्ये सांगतात. कायद्याने मात्र देशांतर्गत दर सेडीतच लावायचे असतात आणि बँक ऑफ घाना तशी आठवण वेळोवेळी करून देते. दर डॉलरमध्ये सांगितला असल्यास तो कोणत्या दिवसाच्या विनिमय दराने सेडीत रूपांतरित होणार, हे पक्के करावे. दहा दिवसांच्या मुक्कामात ही रक्कम किरकोळ नसते.

कार्डयंत्र ‘आज बंद आहे’ हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी. स्थानिक लोक मोबाइल मनीवर व्यवहार करतात. प्रवाशासाठी एटीएममधून काढलेली रोकड आणि परवानाधारक केंद्रात बदललेले डॉलर हाच खात्रीचा मार्ग. डॉलरच्या नोटा कोऱ्या व मोठ्या रकमेच्या असाव्यात. रस्त्यावर पैसे बदलू नयेत.

जेवण

साध्या हॉटेलात न्याहारी म्हणजे चहा, पाव आणि ऑम्लेट. शाकाहाऱ्याची अडचण पुढे सुरू होते. भात आणि चवळी एकत्र शिजवलेले ‘वाचे’, चवळीच्या रश्शाबरोबर तळलेले केळे म्हणजे ‘रेड-रेड’, मसाला लावून तळलेल्या पिकल्या राजेळी केळ्यांचे ‘केलेवेले’ हे पदार्थ वरवर निर्धोक वाटतात. त्यांपैकी केलेवेले बहुधा तसे असतेही. पण रश्शात मासळी असू शकते, आणि ताटात बाजूला येणारी काळसर ‘शिटो’ चटणी सुक्या मासळीची व सुकटीची असते. कोकणातल्या माणसाला ती घरची वाटेल. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, मासेही नकोत असे वेगळे सांगावे लागते. स्वयंपाकघर असलेले गेस्ट हाऊस मिळाले तर प्रश्न बराच सुटतो. डाळ-तांदूळ अक्रात मिळतात, कारण भारतीय व्यापारी, विशेषतः सिंधी कुटुंबे, तिथे कित्येक दशके स्थायिक आहेत. शहरातील ओडोरकोर भागात एका घानाईन स्वामींनी १९७५ मध्ये स्थापलेला हिंदू मठही आहे. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान व कार्यालय असलेले ‘ज्युबिली हाऊस’ भारताच्या कर्जसाह्याने उभे राहिले. ते बांधले मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने.

केव्हा जावे

डिसेंबर ते फेब्रुवारीत पाऊस नसतो, पण सहारातून ‘हरमाटन’ हा कोरडा, धुळीचा वारा येतो. दमेकऱ्यांनी हे महिने टाळावेत. डिसेंबरमध्ये परदेशस्थ घानावासी आणि आफ्रिकी वंशाचे अमेरिकी पर्यटक मोठ्या संख्येने येतात, विशेषतः २०१९ च्या ‘इयर ऑफ रिटर्न’ नंतर. तेव्हा साध्या खोल्यांचेही दर चढतात. ऑगस्ट-सप्टेंबर तुलनेने थंड आणि स्वस्त.

शांत झोप हवी असणाऱ्यांसाठी आणखी एक काळ आहे. होमोवो या सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, अक्राचा मूळचा गा समाज महिनाभर ढोल व मोठ्या आवाजावर बंदी घालतो. एरवी रात्रभर चालणारे चर्चचे ध्वनिक्षेपकही तेव्हा दबतात.

पोहोचल्यावर

विमान रात्री उतरणार असेल तर हॉटेलाची गाडी आधीच सांगून ठेवावी. अन्यथा मोबाइलवरील टॅक्सीसेवा चालतात, मात्र चालक रोख पैसे मागतात. ‘ट्रोट्रो’ या सामायिक मिनीबस अतिशय स्वस्त. सामान घेऊन पहिल्याच दिवशी त्यात शिरू नये. रस्त्याच्या कडेने चालताना हातात मोबाइल धरू नये, कारण मोटारसायकलवरून तो हिसकावला जातो.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी नळ, पंखा आणि जाळी पाहावी. खोली बदलून मागायची वेळ तीच असते. पीतज्वराचे पिवळे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासात हातातील पिशवीत असावे. मायदेशी आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर तो व्हायरल असेल असे गृहीत न धरता त्याच दिवशी हिवतापाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि आपण घानाहून आलो आहोत, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.