भंडाऱ्याचा पराभव आणि चांद्याची दीक्षा

निवडणुकीचा निकाल लागतो तेव्हा त्याचे पडसाद केवळ सभागृहात उमटत नाहीत, घराघरांतही उमटतात. ज्या पक्षासाठी बापाने पायपीट केली, आईने वस्तीत चार घरे समजावली, तो पक्ष हरला की घरातील मुले आईबापाच्या चेहऱ्याकडे पाहतात. त्या वेळी तोंडून जे शब्द निघतात, तेच मुलांच्या मनावर राजकारणाचे आणि धम्माचेही संस्कार करतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील बौद्ध उपासक-उपासिकांना या प्रसंगी मार्गदर्शक ठरेल असा इतिहास त्यांच्या शेजारीच घडलेला आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबई मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे होते. राज्यघटनेच्या शिल्पकाराचा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला लोकसभेत दोनच जागा मिळाल्या. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत भाऊराव बोरकर यांच्याकडून बाबासाहेबांचा पुन्हा पराभव झाला. मतांचे अंतर सुमारे ८ हजारांचे होते.

या पराभवांची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे. त्या काळी द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत. पण दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. १९३७ साली मुंबई प्रांतात ती एकत्र देण्याची सोय होती. ती गेल्यामुळे राखीव जागेवरील उमेदवाराचे भवितव्य इतर समाजांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून राहिले. भंडाऱ्यात फेडरेशनचे सहकारी अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि बाबासाहेब मात्र पडले. दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, असे काही कार्यकर्त्यांनी सुचविले होते; परंतु घटना लिहिणाऱ्यानेच लोकांना मत वाया घालविण्यास सांगावे हे बाबासाहेबांना मान्य झाले नाही, असे चळवळीत सांगितले जाते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, बाबासाहेबांनी अन्याय मुकाट्याने गिळला नाही. मुंबईच्या निकालाविरुद्ध त्यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली, तरी मार्ग सनदशीरच राहिला. दुसरी ही की, पराभव हा त्यांच्या कार्याचा शेवट ठरला नाही. प्रकृती खालावत असतानाही १९५४ च्या डिसेंबरात त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन पूर्णत्वास नेले.

भंडाऱ्याच्या पराभवाला जेमतेम अडीच वर्षे झाली असतील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तेथे विशाल दीक्षा समारंभ पार पडला. त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच होता. तो १९८२ साली वेगळा झाला. ज्या वैदर्भीय भूमीत मतपेटीने बाबासाहेबांना नाकारले, त्याच भूमीत सहस्रावधी माणसांनी त्यांच्यासमवेत बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. मतमोजणीत पराभूत झालेला नेता समाजाच्या अंतःकरणात पराभूत नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता प्रश्न आईबापांचा. तथागतांनी लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख असे आठ लोकधर्म सांगितले आहेत. निवडणुकीचा निकाल हा त्यांपैकीच. तो आला म्हणून हुरळू नये, गेला म्हणून मोडून पडू नये. स्वपुत्र राहुलाला केलेल्या उपदेशात तथागतांनी कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ते स्वतःस वा इतरांस बाधक तर नाही ना, हे तपासण्यास शिकविले. निकालाच्या रात्री हीच कसोटी बापाने प्रथम स्वतःच्या वाणीला लावावी. लहान गावात शेजारी कोणत्या बाजूचा हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्याविषयी घरात ओकलेले विष दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांच्या तोंडून बाहेर पडते. मैत्रीचा पाठ विहारात आणि वैराचा पाठ घरात, असे चालणार नाही.

मुलांपासून निराशा लपवावी असे नाही. ती सांगावी, पण कारणांसह सांगावी. आपण कोठे कमी पडलो, कोठे फुटलो, कोणाचे मत कशामुळे मिळाले नाही, हे समोर मांडावे. भिक्षुसंघात वाद मिटविण्यासाठी शलाका वाटून बहुमत घेण्याची रीत विनयपिटकात आहे, आणि संघाला संसदीय कार्यपद्धती अवगत होती हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ठासून सांगितले होते. म्हणून मतदान हे आपल्याला परके नाही. निकाल विरुद्ध गेला म्हणून त्यावरील श्रद्धा सोडणे म्हणजे आपलाच वारसा सोडणे होय. तसेच बहुमत मिळाले म्हणून असत्य सत्य होत नाही, हेही मुलांना त्याच वेळी सांगितले पाहिजे.

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला खेड्यापाड्यांतून माणसे मुलाबाळांसह चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येतात. तेथे वंदना झाल्यावर मुलांना भंडाऱ्याची हकिकतही सांगावी. विजयाच्या कथा त्यांना पुष्कळ ऐकावयास मिळतात. पराभवानंतर काय करावे याची ही कथा त्यांना अधिक काळ पुरेल.