एकेकाळी बगदादच्या रस्त्यांवर लाल झेंडे होते : अरब जगातल्या कम्युनिस्टांचं पुढे काय झालं?

मे २०१८. इराकमध्ये निवडणुकीचे निकाल लागले आणि सगळ्यात जास्त, म्हणजे ५४ जागा ‘सायरून’ नावाच्या आघाडीला मिळाल्या. आघाडीचे नेते होते शिया मौलवी मुक्तदा अल-सद्र. आणि त्यांच्या जोडीला कोण? चक्क इराकी कम्युनिस्ट पक्ष! नासिरिया या दक्षिणेकडच्या शहरातल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या हैफा अल-अमीन खासदार झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, अरब देशांत कम्युनिस्ट? तर हो. आणि आज दिसतात तेवढे किरकोळ ते कायम नव्हते.

सुरुवात होते पहिल्या महायुद्धानंतर. इजिप्तमध्ये १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्ष निघाला, १९२४ मध्ये सीरिया-लेबनॉनचा एकत्र पक्ष आला आणि १९३४ मध्ये इराकचा. यात ज्यू, आर्मेनियन, ख्रिश्चन, कुर्द अशा अल्पसंख्याकांचा भरणा मोठा होता. जिथे धर्म आणि जमात विचारली जात नाही अशी जागा त्यांना इथे मिळत होती.

इराकचा पक्ष उभा केला युसूफ सलमान युसूफ यांनी. टोपणनाव ‘फहद’, म्हणजे चित्ता. ख्रिश्चन घरातला हा माणूस सुरुवातीला याच नासिरियात काम करायचा, पुढे मॉस्कोत शिकून आला. रेल्वे, बसराचं बंदर आणि तेल कंपनीच्या कामगारांत त्याने पक्ष पोचवला. १९४७ मध्ये त्याला पकडलं, तर गडी तुरुंगातून पक्ष चालवू लागला. जानेवारी १९४८ मध्ये ब्रिटनशी झालेल्या पोर्ट्समथ कराराविरुद्ध बगदाद पेटलं, आंदोलकांवर गोळीबार झाला, शेवटी करार गुंडाळावा लागला आणि पंतप्रधानांना जावं लागलं. या उठावात कम्युनिस्ट पुढे होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये फहदला बगदादमध्ये भर चौकात फाशी दिलं.

पण त्याआधी एक वार मॉस्कोकडून झाला होता. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीला सोव्हिएत रशियाने पाठिंबा दिला. अरब कम्युनिस्ट तोपर्यंत फाळणीच्या विरोधात होते. रशियाने भूमिका घेतल्यावर बहुतेकांनी आपली बदलली. गावातल्या माणसाला हे समजावणार कसं? ‘परक्यांचे हस्तक’ हा शिक्का तिथून जो बसला, तो निघालाच नाही.

तरीही इराकचा पक्ष वाढत राहिला. १४ जुलै १९५८ ला लष्कराने राजेशाही उलथवली आणि ब्रिगेडियर अब्द अल-करीम कासिम सत्तेवर आले. कम्युनिस्टांनी त्यांना साथ दिली. १ मे १९५९ ला बगदादमध्ये निघालेल्या मोर्चात लाखो लोक होते आणि कम्युनिस्टांना सरकारात घ्या अशी मागणी होत होती. त्याच वर्षी पक्षाच्या डॉ. नाझिहा अल-दुलैमी मंत्री झाल्या. अरब जगातल्या त्या पहिल्या महिला मंत्री मानल्या जातात.

सत्ता हाताच्या अंतरावर होती, पण पक्ष थबकला. मोसुल आणि किर्कुकमधल्या हिंसाचाराने तो बदनाम झाला होता. मॉस्कोचंही म्हणणं होतं, कासिमना दुखवू नका. माझ्या मते अरब कम्युनिस्टांच्या इतिहासातला सगळ्यात महागडा ब्रेक हाच. कारण ८ फेब्रुवारी १९६३ ला बाथ पक्षाने बंड करून कासिमना ठार केलं आणि रेडिओवरून फर्मान निघालं : कम्युनिस्टांना संपवा. घराघरांतून लोक उचलले गेले, स्टेडियममध्ये कोंडले गेले. मृतांचे अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत आहेत. पक्षाचे सरचिटणीस सलाम आदिल छळात मेले. हे नजफ या शियांच्या पवित्र शहरातल्या सय्यद घराण्यातले. ‘इस्लाम आणि कम्युनिझम जमलंच नाही’ हे रेडिमेड उत्तर म्हणूनच पुरेसं वाटत नाही. १९६० मध्ये नजफच्या आयातुल्लांनी पक्षाविरुद्ध फतवा काढला होता हे खरं, पण गोळ्या चालवल्या त्या बाथवाल्यांनी.

इजिप्तची गोष्ट तर आणखी विचित्र. १९५९ पासून नासर कम्युनिस्टांना वाळवंटातल्या तुरुंगांत कोंबत होते आणि १९६० मध्ये रशियाच्याच पैशाने आस्वान धरणाचं काम सुरू झालं. त्याच वर्षी शुहदी अतिया हे नेते तुरुंगात मारहाणीत मेले. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह धरण बघायला आले, त्या सुमारास कैदी सुटले. पुढच्या वर्षी पक्षाने स्वतःला विसर्जित केलं! सीरियात खालिद बकदाश १९५४ मध्ये खासदार झाले होते, पण १९५८ मध्ये इजिप्तशी एकीकरण झालं आणि तिथेही तीच धरपकड.

सुदानमध्ये अत्बराच्या रेल्वे कामगारांवर आणि कापूस शेतकऱ्यांवर पक्ष उभा होता. जुलै १९७१ मध्ये त्याच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी बंड केलं, ते तीन दिवस टिकलं. परतलेल्या नुमेरींनी सरचिटणीस अब्देल खालिक महजूब यांना फासावर दिलं.

मार्क्सवादी राज्य खरोखर आलं ते एकाच अरब देशात, दक्षिण यमनमध्ये. राजधानी एडन. हो, तेच एडन, जिथल्या तुरुंगात १८८३ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. १९६७ मध्ये ब्रिटिश गेले, डाव्यांची सत्ता आली आणि १९७४ च्या कायद्याने बहुपत्नीत्वावर कडक बंधनं आणली. जानेवारी १९८६ मध्ये मात्र नेत्यांनी एकमेकांवरच बंदुका रोखल्या. १९९० मध्ये तो देश उत्तर यमनमध्ये विलीन झाला.

आणि इराक? १९७३ मध्ये कम्युनिस्टांनी ज्या बाथने त्यांना मारलं होतं, त्याच बाथशी आघाडी केली. रशिया तेव्हा बाथचा मित्र होता. १९७८ मध्ये पुन्हा फाशी सुरू झाली आणि उरलेले देश सोडून किंवा कुर्दिस्तानच्या डोंगरांत गेले. सद्दाम गेल्यावर, २००३ मध्ये ते उघडपणे परतले.

२०१८ च्या त्या आघाडीतून पक्षाला २ जागा मिळाल्या होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद आणि नासिरियात बेरोजगार तरुण रस्त्यावर उतरले, सरकारने गोळ्या झाडल्या. दोन्ही कम्युनिस्ट खासदारांनी, हैफा अल-अमीन यांच्यासह, राजीनामे दिले. २०२१ च्या निवडणुकीवर पक्षाने बहिष्कार टाकला.