गिबनचा वानप्रस्थ

व्यवसायांतून मोकळें झाल्यावर उरलेलें आयुष्य कोठें घालवावें, हा प्रश्न पूर्वीं आपल्याकडे फारसा अवघड नव्हता. ज्यांना साधे ते काशीवास करीत. बाकीचे आपल्या गांवच्या घरीं परतत. आतां अनेक घरांतील मुलें समुद्रापलीकडे स्थायिक झालीं आहेत, आणि साठी उलटलेल्या गृहस्थांना परदेशीं बिऱ्हाड न्यावें कीं नाहीं, याचा विचार करावा लागतो. तेथील हवा कशी, महागाई किती, औषधपाण्याची सोय काय, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. पण असा निर्णय घेतांना नेमकें काय तोलून पाहावें, हें समजून घ्यावयाचें तर इतिहासांत एक चांगलें उदाहरण आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन यानें वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं लंडन सोडलें आणि जिनीव्हाच्या सरोवराकांठचें लोझान हें गांव उत्तरायुष्यासाठीं निवडलें. त्यानें हा विचार कसा केला व त्याचें फळ काय झालें, तें आज सांगावयाचें आहे.

१७८३ सालीं गिबनची स्थिति वरवर पाहणाऱ्याला हेवा वाटावा अशीच होती. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ सालीं आणि पुढील दोन १७८१ सालीं प्रसिद्ध झाले होते, व विद्वानांत त्याचें नांव गाजत होतें. तो पार्लमेंटचा सभासद होता. मात्र इतकीं वर्षें सभागृहांत बसून त्यानें एकदांहि भाषण केलें नव्हतें. व्यापारमंडळावर त्याला एक जागा मिळाली होती. काम थोडें आणि वेतन सालीना सुमारें ७५० पौंड! परंतु बर्कनें सरकारी खर्चांत काटकसर करण्याचा कायदा आणला, आणि १७८२ सालीं तें मंडळच बरखास्त झालें. वडिलांनीं मागें ठेवलेली मिळकत गुंतागुंतीची होती. लंडनमधील प्रतिष्ठित राहणी उरलेल्या उत्पन्नांत भागेना. शिवाय ग्रंथाचा अर्धा भाग अजून लिहावयाचा राहिला होता, आणि राजकारणाच्या धामधुमींत त्याला सलग वेळ सांपडत नव्हता.

लोझानची ओळख मात्र जुनी होती, आणि तीहि विचित्र रीतीनें झालेली. सोळाव्या वर्षीं ऑक्सफर्ड येथें शिकत असतांना त्यानें रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यामुळें संतापलेल्या वडिलांनीं त्याला लोझानला एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरीं धाडून दिलें. मुलाला ती शिक्षा होती. परंतु १७५३ ते १७५८ या जवळजवळ पांच वर्षांत त्या शिक्षेचेंच शिक्षण झालें. ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या वाचनाला तेथें शिस्त लागली. फ्रेंच भाषा त्याच्या इतकी अंगवळणीं पडली कीं, १७६१ सालीं निघालेलें त्याचें पहिलें पुस्तक त्याच भाषेंत आहे. आणि तेथेंच जॉर्ज देव्हर्दुन हा जन्माचा मित्र त्याला लाभला.

१७८३ च्या मे महिन्यांत गिबननें या मित्राला पत्र लिहून आपली अडचण मोकळेपणानें कळविली. दोघेहि अविवाहित. देव्हर्दुनला एका नातलग बाईकडून लोझान येथें एक प्रशस्त घर मिळालें होतें. दोघांनीं व्यवहार ठरविला तो अगदीं सरळ: घर मित्राचें आणि घरखर्च गिबनचा. जमेच्या बाजूला इतर गोष्टीहि होत्या. जेवढ्या पैशांत लंडनला ओढाताण होई, तेवढ्यांत लोझानला सुखानें राहतां येणार होतें. भाषा परकी नव्हती. राजधानीच्या गर्दींत हरवून जाणारा मनुष्य त्या लहान गांवांत पहिल्या प्रतीच्या मंडळींत गणला जाणार होता.

खर्चाच्या बाजूला काय होतें? आई लहानपणींच गेल्यावर ज्या मावशीनें त्याला वाढविलें, ती कॅथरिन पोर्टन आतां वृद्ध झाली होती. तिला सोडून जावें लागणार होतें. लॉर्ड शेफील्डसारखा जिवलग स्नेही दुरावणार होता. आणि परिचितांनीं तर या स्वेच्छेच्या वनवासाला एकमुखानें नांवें ठेविलीं, असें गिबन आपल्या आत्मवृत्तांत सांगतो. तरीहि त्यानें निश्चय केला. घरांतील चीजवस्तु विकून टाकल्या. ग्रंथसंग्रहाला मात्र हात लावूं दिला नाहीं. सप्टेंबर १७८३ मध्यें तो लंडनहून निघाला.

नव्या गांवीं बिऱ्हाड लागलें कीं लगेच काम सुरू होतें, अशी कोणाची समजूत असेल तर ती गिबनच्या अनुभवाशीं जुळत नाहीं. घडी बसून रोजचें लेखन पुन्हां नीट चालू होण्यास त्याला पुरें एक वर्ष लागलें. पण घडी बसल्यावर काम झपाट्यानें झालें. घराला चार एकरांची बाग होती. बागेखालीं कुरणें आणि द्राक्षांचे मळे उतरत उतरत सरोवराला जाऊन मिळत, आणि पलीकडे सॅव्हॉयचे उत्तुंग पर्वत दिसत. २७ जून १७८७ रोजीं रात्रीं अकरा ते बाराच्या दरम्यान, त्या बागेंतील लहानशा बंगलींत बसून त्यानें ग्रंथाचें शेवटचें वाक्य लिहिलें. मग लेखणी खालीं ठेवून चांदण्यांत झाडांच्या छायेखालीं तो येरझारा घालूं लागला. प्रथम सुटकेचा आनंद झाला. पण ज्या सोबत्यानें इतकीं वर्षें साथ दिली त्याचा कायमचा निरोप घेतला, या जाणिवेनें लगेच मन खिन्न झालें. शेवटचे तीन खंड १७८८ सालीं प्रसिद्ध झाले.

येथपर्यंत गिबनचा हिशेब तंतोतंत बरोबर आला. जें हिशेबांत धरलें नव्हतें तें यापुढें घडलें. मावशी १७८६ सालींच इंग्लंडमध्यें वारली होती. तिची पुन्हां भेट झाली नाहीं. जुलै १७८९ मध्यें देव्हर्दुन मरण पावला. घर हयातभर वापरण्याची सोय झाली होती, पण ज्याच्यासाठीं तें घर निवडलें तोच उरला नाहीं. त्याच महिन्यांत पॅरिसमध्यें बॅस्टिलचा तुरुंग फोडण्यांत आला. निर्वासितांचे लोंढे लोझानपर्यंत येऊं लागले. १७९२ सालीं फ्रेंच फौजांनीं सॅव्हॉय घेतलें, आणि खिडकींतून दिसणारा तो सुंदर देखावा क्रांतीच्या ताब्यांतील मुलूख झाला! साम्राज्यें कशीं कोसळतात हें जगाला समजावून सांगणाऱ्या या पंडिताला आपल्या अंगणासमोरच्या उलथापालथीची चाहूल निवडीच्या वेळीं लागली नव्हती. पण ती कोणाला लागली होती?

१७९३ सालीं लेडी शेफील्ड वारली. मित्राच्या सांत्वनासाठीं गिबन दुखणाईत शरीरानें निघाला. युद्धामुळें फ्रान्समधून जाणें शक्य नव्हतें. जर्मनीच्या वाटेनें वळसा घेऊन तो इंग्लंडला पोंचला. ग्रंथ लोझानलाच राहिले. शस्त्रक्रियांनीं गुण आला नाहीं, आणि १६ जानेवारी १७९४ रोजीं लंडनमध्यें त्याचा अंत झाला. शेफील्ड घराण्याच्याच स्मशानगृहांत त्याला चिरविश्रांति मिळाली. लोझानचें तें घरहि पुढें पाडलें गेलें व त्या जागीं टपालकचेरी उभी राहिली.

मग गिबनची निवड चुकली काय? मला तसें वाटत नाहीं. केवळ देखावा किंवा स्वस्ताई पाहून तो गेला असता तर पहिल्या हिवाळ्यांतच कंटाळला असता. माझ्याजवळ कोण असेल आणि सकाळीं उठून मी काय करीन, हे दोन प्रश्न त्यानें आधीं विचारले, म्हणून ग्रंथ पुरा झाला. परंतु माणसाच्या आधारावर केलेली निवड माणसाइतकीच नश्वर असते, हें तिसरें कलमहि वहींत लिहून ठेवावयास हवें. गिबनला शेवटीं तारलें तें शेफील्डनें. दहा वर्षांच्या अंतरानेंहि तो स्नेह त्यानें जपला होता; मिळकतीचे व्यवहारहि त्याच मित्राच्या हातीं सोंपविले होते. म्हणून परत येण्यास एक दार उघडें राहिलें. परदेशीं बिऱ्हाड न्यावयाचें असेल त्यानें खुशाल न्यावें. पण मागें एक तरी घर असें असावें कीं, जेथें अपरात्रीं कडी वाजविली तरी आंतून कोणी आपल्या नांवानें हांक मारील.