हूव्हर दांपत्याच्या तळटीपा

अमेरिकेच्या राजकीय इतिहासात हर्बर्ट हूव्हर हे नाव १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीशी आणि त्यानंतरच्या महामंदीशी असे काही जखडले गेले आहे, की त्याआधीचा हूव्हर मुद्दाम खणून काढावा लागतो. हा आधीचा हूव्हर खाणअभियंता होता. १८९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतून तो बाहेर पडला. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील खाणींवर त्याने काम केले. स्टॅनफर्ड व कोलंबिया येथे त्याने दिलेली व्याख्याने १९०९ मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ मायनिंग' या नावाने पुस्तकरूपाने आली. आणि १९१२ मध्ये, पत्नी लू हेन्री हिच्यासह, त्याने आग्रिकोलाच्या 'डे रे मेटालिका' या लॅटिन ग्रंथाचा सटीप इंग्रजी अनुवाद लंडनहून प्रसिद्ध केला. भाषांतर हा विषय शिकवणाऱ्यांनी या अनुवादाकडे अवश्य वळावे.

आग्रिकोला (१४९४-१५५५) हा सॅक्सनीतला वैद्य. १५२७ पासून काही वर्षे तो योआखिम्सथाल या चांदीच्या खाणींच्या गावी वैद्यकी करीत होता. (याच गावच्या नाण्यावरून 'थालर' आणि पुढे 'डॉलर' हा शब्द आला.) रोग्यांबरोबर त्याने खाणी, भट्ट्या आणि कारागीरही पाहिले. बारा भागांचा त्याचा ग्रंथ बाझेल येथे १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून झाला.

अडचण होती ती भाषेची. खाणीतली बोली जर्मन, तर विद्वानांची भाषा लॅटिन. आणि ज्या यंत्रांविषयी व प्रक्रियांविषयी आग्रिकोला लिहीत होता त्यांतल्या पुष्कळशा लॅटिनची वाढ थांबल्यानंतर जन्माला आलेल्या. तेव्हा त्याने काही शब्द स्वतः घडवले, काही जुन्या शब्दांत नवा अर्थ भरला. त्याच्याकडे शिसे तीन प्रकारचे आहे : काळे, पांढरे आणि राखी. काळे शिसे म्हणजे आपले शिसे. पांढरे म्हणजे कथील. राखी म्हणजे बिस्मथ. आणि ज्या 'स्टॅनम' शब्दाचा अर्थ कोणताही कोश आज कथील असा देईल, तो शब्द त्याच्याकडे चांदी आणि शिसे यांच्या मिश्रणासाठी येतो. नुसता कोश घेऊन बसलेला अनुवादक इथे पदोपदी फसणार. आपल्या रसशास्त्रातल्या ग्रंथांत 'नाग' म्हणजे शिसे आणि 'वंग' म्हणजे कथील. हे ठाऊक नसलेल्या वाचकाची जी गत होईल तीच इथे. १५५७ सालचा जर्मन अनुवाद बाझेलच्या एका वैद्यकाच्या प्राध्यापकाने केला होता. त्याला लॅटिन येत होते, धातू येत नव्हते. हूव्हर दांपत्याने आपल्या प्रस्तावनेत त्याची गय केलेली नाही.

लूने स्टॅनफर्डमध्येच भूविज्ञानाची पदवी घेतली होती आणि तिचे लॅटिन नवऱ्याहून कितीतरी चांगले होते. सुमारे पाच वर्षे, दोन लहान मुले आणि सततचे प्रवास सांभाळून, हे काम चालले. वाक्य काय म्हणते हे एकाने सांगायचे आणि भट्टीत तसे घडू शकते का हे दुसऱ्याने पाहायचे, अशी ढोबळ वाटणी सांगितली जाते. पण लू स्वतः भूवैज्ञानिक होती हे त्या वाटणीत हरवते. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. १९१४ मध्ये अमेरिकेतील खाण व धातुविज्ञान संस्थेने आपले सुवर्णपदकही दोघांना दिले. राष्ट्राध्यक्षांच्या चरित्रांत मात्र हे पुस्तक पुष्कळदा 'हूव्हरचा छंद' म्हणून उरते.

ग्रंथाचे खरे वैभव तळटीपांत आहे. कित्येक पानांवर मूळ मजकूर वर थोडासा आणि खाली बारीक अक्षरांत टीपांचा विस्तार. 'काड्मिया' या एका शब्दाखाली किती वेगवेगळे पदार्थ येऊन बसले, भट्टीच्या भिंतीवरच्या थरापासून कोबाल्टच्या खनिजापर्यंत, याची छाननी त्यांनी प्राचीन ग्रंथकारांपासून केली आहे. धातुविद्येचा इतिहास इंग्रजीत वाचणाऱ्यांना या टीपांना वळसा घालून पुढे जाता आलेले नाही.

मला मात्र या दोन पुस्तकांच्या मधल्या तीन वर्षांचे कोडे सुटत नाही. आग्रिकोला सहाव्या भागात खाणकामगारांचे रोग सांगतो. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींकडे सात सात नवरे धुळीच्या क्षयाने गमावलेल्या स्त्रिया आढळतात, अशी नोंद तो करतो. वैद्याची नजर खाणीच्या तोंडावरून घरापर्यंत जाते. हूव्हरने हे वाक्य निष्ठेने इंग्रजीत आणले. त्याच हूव्हरने १९०९ च्या पुस्तकात कामगार संघटना ही भांडवलाच्या अमर्याद संघटनेवरची योग्य मात्रा आहे असे लिहिले, जे त्या काळच्या खाणमालकांना रुचणारे नव्हते. आणि फावडे मारण्यासारख्या साध्या कामातही एक गोरा माणूस दोन ते तीन अगोऱ्या माणसांच्या बरोबरीचा असतो, असा आपल्या अनुभवाचा निष्कर्षही त्याच पुस्तकात नोंदवला. आजार, कुपोषण, मजुरी, हत्यारे यांचा हिशेब त्या गुणोत्तरात नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सॅक्सन खाणकऱ्याचा एकेक शब्द तपासून घेणारा हा माणूस स्वतःच्या हाताखालच्या चिनी मजुराविषयी असे सरासरीत कसे बोलू शकला?

उत्तर कागदपत्रांत शोधायचे तर ती विखुरलेली आहेत. १९१९ मध्ये युद्धविषयक दस्तऐवजांसाठी त्याने स्टॅनफर्डला जो संग्रह सुरू करून दिला त्याची आज मोठी संशोधनसंस्था झाली आहे. अध्यक्षपदाची कागदपत्रे त्याच्या जन्मगावी, आयोवातील वेस्ट ब्रँच येथे १९६२ मध्ये उघडलेल्या ग्रंथालयात आहेत. आणि आग्रिकोलासाठी जमवलेली खाणविद्येची जुनी पुस्तके कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट येथे. हूव्हरवर लिहिणारे बहुतेकजण पहिल्या दोन ठिकाणी जातात.