परकीय मदत आणि स्थानिक शांतता-प्रक्रिया : सोमालीलँडचा अनुभव (१९९१-१९९७)

प्रस्तावना

शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या समाजांच्या पुनर्उभारणीसाठी परकीय मदत हे प्रमुख साधन मानले जाऊ लागले. निधी, तज्ज्ञ व शांतिसैनिक पुरविले की शांतता प्रस्थापित होते, असे त्यामागील गृहीतक होते. या गृहीतकाची परीक्षा १९९० च्या दशकात सोमालियामध्ये झाली. एकाच देशाच्या दक्षिण व उत्तर भागांत जवळजवळ एकाच वेळी दोन भिन्न प्रयोग घडले. प्रस्तुत लेखात या दोन प्रयोगांची तुलना करून, शांतता-प्रक्रियेचा खर्च कोण उचलतो या प्रश्नाचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाले आणि १ जुलै रोजी इटालियन अमलाखालील दक्षिण भागाशी त्याचे विलीनीकरण झाले. १९६९ मध्ये सियाद बारे यांनी लष्करी सत्ता स्थापन केली. या राजवटीला प्रथम सोव्हिएत रशियाचे व १९७७ नंतर अमेरिका व पाश्चात्त्य राष्ट्रांचे साहाय्य लाभले. परिणामी शासनाला जनतेच्या करांपेक्षा बाहेरून येणाऱ्या मदतीचा आधार अधिक वाटू लागला. उत्तरेतील इसाक कुळातील असंतोषातून १९८१ मध्ये लंडन येथे 'सोमाली राष्ट्रीय चळवळ' ही संघटना स्थापन झाली. १९८८ मध्ये शासनाने हर्गेसा व बुराओ या शहरांवर बॉम्बवर्षाव केला. लक्षावधी लोक इथिओपियात निर्वासित झाले. जानेवारी १९९१ मध्ये बारे राजवट कोसळली.

दक्षिणेतील प्रयोग

दक्षिणेत सत्तास्पर्धा व दुष्काळ यांमुळे भीषण उपासमार झाली. मार्च १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने सुमारे २८,००० सैनिक व पोलीस यांचा समावेश असलेल्या मोहिमेस मान्यता दिली. तिच्यावर पुढे सुमारे १६० कोटी डॉलर खर्च झाले. त्याच महिन्यात अदिस अबाबा येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पंधरा सशस्त्र गटांचा करार अवघ्या दोन आठवड्यांत घडवून आणण्यात आला. अन्नवाटपामुळे अनेकांचे प्राण वाचले, हे नाकारता येणार नाही. तथापि मदतसंस्थांना घरे, वाहने व सशस्त्र रक्षक भाड्याने घ्यावे लागत आणि हा पैसा बहुधा टोळीप्रमुखांच्याच हाती जाई. वाटाघाटींचे निमंत्रण मिळणे हीच प्रतिष्ठेची व लाभाची बाब ठरल्याने गटांची संख्या वाढत गेली. जून १९९३ मध्ये २४ पाकिस्तानी व ऑक्टोबरमध्ये १८ अमेरिकी सैनिक मोगादिशूत मारले गेले. मार्च १९९५ मध्ये मोहीम गुंडाळण्यात आली, तेव्हा देशात मध्यवर्ती शासन नव्हते.

उत्तरेतील प्रयोग

उत्तरेने १८ मे १९९१ रोजी बुराओ येथील परिषदेत स्वतंत्र सोमालीलँडची घोषणा केली. त्यास त्या काळात कोणत्याही राष्ट्राची मान्यता मिळाली नाही, म्हणून मदतही अल्पच होती. १९९२ मध्ये बर्बेरा बंदराच्या उत्पन्नावरून इसाक कुळाच्या शाखांतच युद्ध पेटले. ते थांबविण्यासाठी कुळप्रमुखांची 'गूर्ती' ही ज्येष्ठसभा पुढे आली आणि बंदर ही सार्वजनिक मालमत्ता मानण्याचे शेख येथील परिषदेत ठरले.

त्यानंतर जानेवारी ते मे १९९३ या काळात बोरामा येथे व्यापक परिषद भरली. बोरामा हे गदबूर्सी कुळाचे नगर होते आणि हे कुळ युद्धात प्रामुख्याने विरुद्ध पक्षात होते. विजेत्यांनी पराभूतांच्या दारी पाहुणे म्हणून जावे, यातच समेटाचा आशय होता. सुमारे १५० ज्येष्ठ प्रतिनिधींच्या निवास-भोजनाचा भार मुख्यतः यजमान समाज, व्यापारी व परदेशस्थ सोमालींनी उचलला. परकीय संस्थांचा वाटा मर्यादित होता. रूढ कायदा व रक्तमूल्याची परंपरा यांच्या आधारे तंटे मिटविण्यात आले, शांतता-सनद तयार झाली आणि महंमद इब्राहिम एगाल यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाली. गूर्तीला संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे स्थान मिळाले. पशुधनाच्या निर्यातीवर जगणाऱ्या व्यापाऱ्यांना सुरक्षित मार्ग हवे होते. त्यांनी दिलेल्या कर्जांतून व बर्बेराच्या जकातीतून सशस्त्र तरुणांना शासकीय सेवेत सामावून घेणे शक्य झाले.

मर्यादा

हा अनुभव निर्दोष मानता येत नाही. १९९४ ते १९९६ या काळात हर्गेसा व बुराओ परिसरात पुन्हा संघर्ष झाला. तो मिटविणाऱ्या १९९६-९७ च्या हर्गेसा परिषदेचा खर्च बव्हंशी शासनाने केला आणि म्हणूनच ती एगाल यांच्याकडे झुकल्याची टीका झाली. पैसा स्थानिक असला तरी तो एकाच हातातून आल्यास निःपक्षपातीपणा धोक्यात येतो, हे त्यातून दिसते. गूर्ती ही पुरुषांची सभा होती. स्त्रियांना निर्णयाधिकार नव्हता. तिची मुदतही निवडणुकीविना वेळोवेळी वाढविण्यात आली. २०२३ मध्ये लास अनोद येथील संघर्षाने पूर्वेकडील धुलबहांते कुळाची नाराजी उघड झाली. सर्वांची संमती एकदाच मिळवून कायमची टिकत नाही, हेच त्याने दाखविले.

निष्कर्ष

सोमालीलँडच्या उदाहरणावरून परकीय मदत निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. दक्षिणेत दुष्काळग्रस्तांना अन्न देणे आवश्यकच होते. उत्तरेतही भूसुरुंग काढणे व निर्वासितांचे पुनर्वसन यांस बाह्य साहाय्य उपकारक ठरले. शिवाय दोन्ही भागांची वसाहतकालीन जडणघडण वेगळी होती, हेही लक्षात घ्यावे लागते. तथापि राजकीय समेटाच्या बाबतीत एक भेद निर्णायक दिसतो. दक्षिणेतील नेते मदत देणाऱ्यांना उत्तरदायी होते. बोरामा येथील ज्येष्ठांना मात्र आपल्याला अन्न पुरविणाऱ्या समाजापुढे निर्णयाचा जाब द्यावा लागत होता. दोन आठवड्यांत झालेला करार टिकला नाही. चार महिने चाललेल्या चर्चेतून व्यवस्था उभी राहिली. म्हणून मदतीच्या रकमेइतकाच, तिच्यामुळे कोण कोणाला उत्तरदायी होतो, हा प्रश्न संघर्षोत्तर समाजांच्या इतिहासलेखनात महत्त्वाचा मानावा लागतो.