मठातून आलेले औषध

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी लोणच्याची नाहीतर फराळाची कृती देते. या खेपेस चिटणीसबाईंना म्हटले, मला एका औषधाचा इतिहास लिहायचा आहे. त्या हसल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा त्यांचे हसणे रास्तच होते. पण हे औषध माझ्या घरात येऊन गेले आहे. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी मीच ते ठेवीत असे.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना लग्नाला नऊ वर्षे होऊनही मूल नव्हते. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांनी एका खाजगी दवाखान्यात उपचार घेतले. दहा दिवस पोटात रोज हार्मोनचे इंजेक्शन, मग एक निराळे इंजेक्शन, आणि दीड दिवसाने स्त्रीबिजे काढली. चौथ्या दिवशी पोट एवढे फुगले की साडीच्या निऱ्या खोचता येईनात. दवाखान्यात फोन केला, तर 'गॅस असेल, आराम करा' असे उत्तर मिळाले. पुढच्या रात्री त्यांना आडवे होता येईना, धाप लागली. कोपरहून रिक्षाने मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कालपासून लघवी किती झाली?" सासूबाई, मी आणि नणंद एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्यांनी किती पोळ्या खाल्ल्या ते आम्हांला ठाऊक होते, हे मात्र नाही.

किडन्यांचे काम मंदावले होते. पोटातले पाणी सुईने काढले, शिरेतून औषधे दिली. डायलिसिसची पाळी आली नाही, ही देवाची कृपा. बरे वाटू लागल्यावर मी डॉक्टरांना विचारले, "हे औषध बनते तरी कशाचे?" ते म्हणाले, "मावशी, ती मोठी कहाणी आहे." त्यांनी थोडी सांगितली, बाकीची मी भाच्याकडून वाचवून घेतली.

भगिनींनो, लाज बाजूला ठेवून वाचा. पाळी गेली की आपले बीजकोश काम थांबवतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती बीजकोशांना हुकूम पाठवणारे हार्मोन सोडते. उत्तर येत नाही म्हणून ती अधिकच सोडू लागते, आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे उतारवयातल्या बाईच्या लघवीत ज्याचा साठा असतो, तेच मूल हवे असलेल्या तरुणीला हवे असते. रोममधल्या सेरोनो नावाच्या औषधी कंपनीत पिएरो डोनिनी या रसायनतज्ज्ञाने १९५० च्या सुमारास ते लघवीतून वेगळे काढले. पण एवढी लघवी आणायची कोठून? ब्रूनो लुनेनफेल्ड नावाच्या तरुण डॉक्टरने कंपनीपुढे हा विषय मांडला, आणि मार्ग निघाला तो पोप बारावे पायस यांच्या पुतण्यामुळे. वृद्ध ख्रिस्ती संन्यासिनींच्या मठांतून लघवी गोळा करण्याची व्यवस्था झाली. मठातल्या बायका पाळी गेलेल्या, शिवाय गरोदर असण्याचा प्रश्नच नाही. एका बाईच्या एका उपचारापुरते औषध मिळवायला दहा संन्यासिनींची दहा दिवसांची लघवी लागे, असे सांगतात. १९६२ साली इस्रायलमध्ये या औषधाने पहिले मूल जन्मले. ज्यांनी आयुष्यभर मूल नको म्हटले, त्यांच्यामुळे दुसरीची कूस उजवली. मला यात देवाची थट्टा दिसते.

पुढे मागणी वाढली, मठ पुरेनात. १९९५ पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडूनही हे हार्मोन बनवून घेऊ लागले. आज आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतही अशी इंजेक्शने तयार होतात. तिथे कामाला जाणारी माणसे रोज आपल्याच रेल्वेमार्गाने जातात.

आपल्या देशात या औषधाचा मोठा प्रयोग कलकत्त्याच्या डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांनी केला. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जगातले पहिले टेस्ट-ट्यूब बाळ झाले, ते हार्मोन न देता, निसर्गाने दिलेल्या एका बीजापासून. मुखोपाध्यायांनी मात्र लघवीतून काढलेले हे हार्मोन देऊन एकाऐवजी अधिक बिजे पिकवली, आणि ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या उपचाराने दुर्गा जन्मली. सरकारी मंडळींनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली, तेव्हा देशातले पहिले असे बाळ म्हणून तिचे नाव झाले. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ साली जाहीर सांगितले की पहिला मान आमचा नव्हे, त्यांचा. स्वतःचे श्रेय असे काढून देणारा माणूस विरळा.

आता किडनीचे. या इंजेक्शनांनी बीजकोश जागे होतात, पण कोणाकोणाचे भलतेच जागे होतात. विशेषतः तरुण, सडपातळ किंवा पीसीओडी असलेल्या बाईचे. शेवटच्या इंजेक्शनानंतर त्यांतून असे द्रव्य सुटते की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातले पाणी पोटात, कधी छातीत उतरते. रक्त घट्ट होते, गुठळी होण्याची भीती असते, आणि किडन्यांना पुरेसे रक्त न पोचल्याने लघवी कमी होते. सौम्य त्रास पुष्कळींना होतो. शंभरात एखादीला जिवावरचा. दिवस राहिले तर तो आणखी लांबतो. बाईला वाटते, अंगात पाणी भरले आहे, मग किडनी सुकेल कशी? पण पाणी असते भलत्या जागी. आंबील गाळावी तसे ते फडक्यातून निघून गेलेले असते.

हे काही काल कळलेले नव्हे. १९६७ सालीच वैद्यकांनी या विकाराच्या पायऱ्या लिहून ठेवल्या. तरी आमच्या घरी इंजेक्शनांबरोबर आलेल्या कागदावर वेळ आणि मात्रा होती, लघवीबद्दल एक शब्द नव्हता. याचा मला आजही राग आहे.

पैशासाठी बीज देणाऱ्या बायकांचे तर विचारूच नका. २०१० साली मुंबईत अठरा पुरी न झालेली एक मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांनी वारली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कायदा झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये, आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता बीज देणारी तेवीस ते पस्तीस वर्षांची हवी, आयुष्यात एकदाच देता येते, सातपेक्षा जास्त बिजे काढायची नाहीत, आणि बारा महिन्यांचा तिचा विमा ज्यांना मूल हवे त्यांनी काढायचा.

२०२१ साली जाऊबाईंनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उपचार घेतले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला अनुभव नीट ऐकून घेतला, मात्रा कमी ठेवली, शेवटचे इंजेक्शन निराळ्या जातीचे दिले आणि गर्भ गोठवून ठेवला, लगेच आत सोडला नाही. यानेही धोका उतरतो म्हणे. मी न्हाणीघरात एक जुने माप ठेवले. रोज सकाळी वजन, पोटाचा घेर आणि लघवी, तिन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत गेले. जाऊबाई म्हणत, "ताई, पाहुणे वाचतील हो!" वाचू देत, म्हटले.

त्या खेपेस मूल झाले नाही, त्रासही झाला नाही. कॅलेंडरचे ते पान मी अजून फाडलेले नाही. मंडळातल्या कोणाच्या घरी असे उपचार चालू असले तर येऊन उतरवून घ्यावे. दुपारी दोननंतर मी घरीच असते.